मेहुण्याच्या नावची गाडी

"बाळचा फोन होता," बायको दारात येऊन म्हणाली. "साडेआठला येतोय. टॅक्सीनं."

शिक्केसाहेबांच्या हातातलं जुनं बनियन बंपरवरच थांबलं. "टॅक्सीनं कशाला?"

"मीही तेच म्हटलं. जाता-येता टॅक्सीचा खर्च कशाला, सरळ बसनं ये. तर म्हणतो, ताई, जाताना टॅक्सी लागणार नाही. आणि ठेवला फोन."

"लागणार नाही म्हणजे?"

"म्हणजे मला काय ठाऊक? तुमचा मेहुणा आहे."

"तुझा भाऊ आहे तो."

"असेल. पण गाडीच्या बाबतीत तुम्ही आयुष्यभर त्याला मेहुणाच म्हणत आलात," बायको म्हणाली आणि आत गेली. मग पुन्हा डोकावून म्हणाली, "आणि तो बंपर आता पुरे करा. आणखी पुसलात तर पलीकडचं दिसायला लागेल."

शिक्केसाहेबांनी तोच वीतभर भाग पुन्हा पुसायला घेतला. जाताना टॅक्सी लागणार नाही, याचे दोनच अर्थ होत होते. एक म्हणजे भाऊजी घरी सोडतील. दुसरा अर्थ मनात येताच ते तिथेच गाडीच्या पायरीवजा पत्र्यावर टेकले. बाळ येताना टॅक्सीनं येणार होता आणि जाताना गाडी घेऊन जाणार होता. न्यायची त्याला मुभाच होती. गाडी त्याच्याच नावावर होती.

शिक्केसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापे खात्यात ते चौतीस वर्षं निरीक्षक होते. बाजारातला प्रत्येक तराजू, प्रत्येक वजन तपासायचं आणि बरोबर असेल तरच शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. दुकानदारांनी ठेवलेलं नाव हळूहळू घरापर्यंत आलं आणि खरं आडनाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं. पाच ग्रॅमचं खोटं लांबून ओळखणारा हा माणूस आज स्वतः तपासणीला निघाला होता. जन्मभर दुसऱ्यांना तपासलेल्या माणसाला तपासून घ्यायची भीती दुप्पट वाटते. तपासणाऱ्याला काय काय दिसू शकतं, हे त्याला पक्कं माहीत असतं.

गाडी विलायती होती आणि इंग्लंडात बनली त्या वर्षापासूनच बदनाम होती. तिथल्या लोकांनी तिला आधी नावं ठेवली, मग गाडी आणि नावं एकाच जहाजातून बाहेर पाठवली. रात्रभर कोणी डोकं ठेवून झोपल्यावर उशी मधे जशी दबते, तसा तिचा आकार. रंग खोकल्याच्या गोळीचा. तिला सगळे 'उशी'च म्हणत. डावीकडे वळलं की आतला दिवा लागायचा. जोरात ब्रेक दाबला की समोरचा कप्पा उघडायचा आणि शेजारी बसलेल्याच्या मांडीवर कागद, पाना आणि एखादी सुपारीएवढी नटबोल्टची जोडी येऊन पडायची.

अडतीस वर्षांपूर्वी ती त्यांना दातांच्या एका डॉक्टरांनी विकली. किल्ली देताना डॉक्टर इतके हसत होते की शिक्केसाहेबांना तेव्हाच संशय यायला हवा होता. लोकांचं दुखणं काढून घेण्याऐवजी आपलं दुखणं लोकांना देण्याची संधी त्या डॉक्टरांना पहिल्यांदाच मिळाली होती.

नावाचा घोळ त्याच दिवशी झाला. वजनमापे निरीक्षकानं विलायती गाडी घेतली म्हटल्यावर बाजार विचारणार, कोणाचा खोटा तराजू पास केला? म्हणून शिक्केसाहेबांनी गाडी मेहुण्याच्या नावावर घेतली. बाळ तेव्हा पंचविशीचा होता, शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून नुकताच लागलेला. भाऊजींनी बोट ठेवलं तिथं त्यानं सही केली. पुढे बाजारानं गाडी प्रत्यक्ष पाहिली आणि संशय जागच्या जागी मिटला. लाच खाणारा माणूस ही गाडी घेणार नाही, आणि ही गाडी घेणाऱ्याला लाच देण्यात काही अर्थ नाही, यावर व्यापाऱ्यांचं एकमत झालं.

तेव्हा नाव बदलून घ्यायला हरकत नव्हती. पण तोवर शिक्केसाहेबांना वेगळीच सोय सापडली होती. भर चौकात गाडी बंद पडायची, मागे भोंगे सुरू व्हायचे, कोणीतरी खिडकीत डोकं घालून "काय हो, कुठून पैदा केलीत ही?" असं विचारायचं. मग शिक्केसाहेब शांतपणे सांगायचे, "माझी नाही. मेहुण्याची आहे. मी नुसता चालवतो."

हे वाक्य त्यांनी वरिष्ठांना ऐकवलं, शेजाऱ्यांना ऐकवलं, वाहतूक पोलिसांना तर इतक्यांदा ऐकवलं की पोलीसच पुढे "मेहुणे बरे आहेत ना?" विचारायला लागले. गाडी ते कचेरीपासून दोन गल्ल्या लांब उभी करायचे आणि तिथून छत्री हलवत असे चालत यायचे, जणू घरूनच चालत आले.

आणि मग जगाला काय झालं कोण जाणे. दोन वर्षांपूर्वी पेट्रोल पंपावर एक तरुण धावत आला. शिक्केसाहेबांनी सवयीनं तोंड उघडलंच होतं, तर तो म्हणाला, "काका, एक फोटो घेऊ? अशा आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्यात हो!" आणि मग, "काका, जरा बाजूला होता का? गाडी पूर्ण येत नाहीये." शिक्केसाहेब बाजूला झाले. "माझी नाही" हे शब्द जिभेवर आले होते, ते त्यांनी गिळले. घरी येऊन त्यांनी पहिल्यांदा बादली भरून गाडी धुतली. आठवड्याभरात ते बायकोला सांगू लागले की दुपारचं ऊन तिला सोसत नाही. 'तिला' म्हणजे आपल्याला, असं समजून बायको दोन दिवस खुशीत होती.

एवढं सगळं गोडीत चाललं असताना सरकारचा नियम निघाला. तीस वर्षांवरच्या गाड्या भंगारात जाणार. वाचणार फक्त त्या, ज्यांची 'वारसा वाहन' म्हणून नोंद होईल. त्यासाठी मालकानं स्वतः गाडी घेऊन मैदानावर हजर राहायचं, आणि शेवटचा दिवस आजचा होता. नोटीस मालकाच्या पत्त्यावर गेली, म्हणजे बाळकडे. गेले पंधरा दिवस शिक्केसाहेबांचं जेवण अर्ध्यावर आलं होतं.

टॅक्सी बरोबर साडेआठला आली. बाळ उतरला. वय त्रेसष्ट, डोक्यावर केस नावापुरते, पण बहिणीच्या तोंडी अजून बाळच. बाळनं आधी बहिणीकडे पाहिलं नाही, भाऊजींकडे पाहिलं नाही. तो गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून आला. एका ठिकाणी थांबला, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, "रेषा चांगली आहे हो हिची. मागच्या काचेपासून खाली येते ती. तेव्हा लक्षातच आली नव्हती."

चित्रकलेच्या मास्तराला रेषा आवडली, म्हणजे संपलंच.

"चहा घेतोस?" बायकोनं विचारलं.

"मैदानावरून आल्यावर बघू, ताई. भाऊजी, निघू या. किल्ली?"

"मी चालवतो," शिक्केसाहेब घाईनं म्हणाले. "तिसऱ्या गिअरला जरा नाटक करते. तुला जमणार नाही."

"चालवा. आजपर्यंत तुम्हीच चालवत आलात," बाळ म्हणाला. ह्या वाक्यात 'आजपर्यंत'वर किती वजन होतं, ते चौतीस वर्षं वजनंच मोजलेल्या माणसाला ठरवता येईना.

गाडी चौथ्या किल्लीला सुरू झाली. बायको मागे बसली. माझंही येणं भाग आहे, असं तिनं जाहीर केलं होतं. "चाळीस वर्षांत मला माहेरची बाजू घ्यावी की सासरची, हा प्रश्न कधी पडला नव्हता. आज या पत्र्याच्या डब्यामुळे पडतोय. समोरासमोर असलेलं बरं."

पहिल्या वळणावर आतला दिवा लागला. बाळनं दिव्याकडे पाहिलं.

"भाऊजी, एक विचारू?"

"विचार की."

"ही गाडी चौकात बंद पाडायचात तुम्ही आणि दंडाची नोटीस यायची माझ्या दारी. खरं की नाही?"

"दंड मी भरायचो."

"दंड तुम्ही भरायचात. पण नाव माझं लागायचं. शाळेत पोरं मला काय म्हणायची माहितीय? उशीमास्तर. एकदा वर्गात गेलो तर फळ्यावर ही गाडी काढलेली, आत मी. चित्र इतकं चांगलं होतं की शिक्षाही करता येईना. लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी ताईला बाजूला घेऊन विचारलं, मुलगा सगळा चांगला आहे, पण ही गाडी त्यानं बुद्धी शाबूत असताना घेतली का?"

"विचारलं होतं," मागून बायको म्हणाली. "मी सांगितलं, भोळा आहे."

"तेव्हा तुम्ही काय केलंत, भाऊजी? तुम्ही तिथंच बसला होतात. चहा पीत होतात."

शिक्केसाहेबांना आठवत होतं. कपात बघत बसले होते ते.

"मला गाडी नकोय," बाळ म्हणाला. शिक्केसाहेबांचा पाय ब्रेकवर इतक्या जोरात पडला की कप्पा उघडला आणि पाना बाळच्या मांडीवर आदळला. तो बाजूला ठेवत बाळ पुढे म्हणाला, "म्हणजे आता वाटायला लागलंय खरं, की असावी. परवा एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, सर तुमची ती गाडी अजून आहे का म्हणून, आवाजात काय आदर! पण तेवढ्यासाठी नाही. नाव बदलायचा कागद खिशात आहे माझ्या. मैदानावर चार माणसांत एकदा, फक्त एकदाच मोठ्यानं म्हणायचं, ही गाडी माझी आहे. तुमच्या तोंडून ऐकायचंय मला. मग तिथंच कागद हातात देतो."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर माझी," बाळ म्हणाला. "तुम्हीच सांगत आलात सगळ्यांना."

पुढचे दोन मैल शिक्केसाहेबांचे ओठ नुसते हलत होते. ही गाडी माझी आहे. चार शब्द होते. त्यात अवघड काही नव्हतं. पण 'माझी'च्या जवळ आलं की जीभ आपोआप 'नाही'कडे वळायची. अडतीस वर्षांत तिला रस्ता पाठ झाला होता.

मैदानावर जुन्या गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. उशी आत शिरताच पाच-सहा जण गोळा झाले. एका दाढीवाल्यानं बोनेटवर हात ठेवला, देवळाच्या उंबऱ्यावर ठेवावा तसा. "बापरे," तो म्हणाला. "रंगसुद्धा मूळचाच!" हा रंग बदलायचं शिक्केसाहेबांनी दर वर्षी ठरवलं होतं आणि दर वर्षी आळस केला होता. "जपलाय," ते पुटपुटले.

तपासणीला एक बाई होत्या. कमरेला पट्टा, हातात फॉर्मची पाटी, चेहऱ्यावर भाव नाही. त्यांनी चेसिसचा नंबर पाहिला, काचेवर नख घासून पाहिलं, टायरच्या मागे वाकून बघितलं. शिक्केसाहेब त्यांच्यामागे एक पाऊल अंतर ठेवून चालत होते, पूर्वी दुकानदार त्यांच्या स्वतःच्या मागे चालायचे तसे. बाईंचा पेन कुठं थांबला की यांचा श्वास थांबायचा. डिक्कीच्या बिजागरीवर पेन थांबला. ती बिजागरी त्यांनी एका जुन्या तराजूच्या दांडीतून करून घेतली होती.

"हे मूळचं नाही."

"नाही," शिक्केसाहेब म्हणाले. "पण वजनाला बरोबर आहे."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि पेन पुढे सरकला. शेवटी त्या सरळ उभ्या राहिल्या. "गाडी पास होण्यासारखी आहे. एकच राहिलं. कागदावरचा मालक आणि खरा मालक एकच ना?"

बाळनं शिक्केसाहेबांकडे पाहिलं, शिक्केसाहेबांनी बंपरकडे.

"विचारते, कारण सकाळपासून तीन प्रकरणं तशीच आली. गाडी एकाच्या नावावर, वापरणारा दुसरा. इतकी वर्षं दोघांनाही नको होती, आता दोघंही माझी माझी करतायत. तिन्ही अर्ज बाद केले. बाद म्हणजे गाडी घरी परत जात नाही, इथूनच जाते." त्यांनी पेननं मैदानाच्या कोपऱ्याकडे दाखवलं. तिथं एका लांब ट्रकवर तीन गाड्या साखळीनं बांधल्या होत्या. त्यातल्या एकीचा वायपर काचेच्या मधोमध, अर्ध्या वाटेवर थांबलेला होता. "तर, गाडी कोणाची?"

दाढीवाला, त्याचे मित्र, बाजूच्या गाडीचे मालक, सगळे बघत होते. चार माणसं हवी होती, इथं चौदा होती. बायकोनं कोपर टोचलं. "अहो, बोला ना."

बाळचा हात खिशावर होता. आपण काय अट घातली हे त्याच्या आत्ता लक्षात येत होतं. "बाई," तो म्हणाला, "खरं सांगायचं तर हे जे माझे भाऊजी—"

"यांची," शिक्केसाहेब म्हणाले. "मेहुण्यांची आहे. मी नुसता चालवतो."

वाक्य नेहमीचंच होतं, आवाजही नेहमीचाच. अडतीस वर्षांत ते इतकं स्वच्छ कधी आलं नव्हतं. फक्त बोलताना त्यांनी एक हात गाडीच्या टपावर ठेवला होता.

बाईंनी त्या हाताकडे पाहिलं. नखांत पॉलिश शिरून नखं काळी झाली होती. मग त्यांनी बाळच्या हातांकडे पाहिलं, ते स्वच्छ होते. शिक्केसाहेब वाट पाहत राहिले. त्यांच्या जागी ते स्वतः असते तर त्यांनी नक्की विचारलं असतं, चौतीस वर्षांत कोणाला सोडलं नव्हतं त्यांनी. बाईंनी काही विचारलं नाही. फॉर्म उलटा केला, शिक्का शाईवर टेकवला आणि मारला.

"पाच वर्षं नाव बदलता येणार नाही," त्या बाळला म्हणाल्या. "आणि गाडी मालकाच्या पत्त्यावरच उभी राहिली पाहिजे. आमचा माणूस कधीही येऊन बघेल. नसली तर नोंद रद्द. आजपासून तिथंच न्या."

"पाच वर्षं?" बाळ म्हणाला. "बाई, हे काही—"

"नियम बरोबर आहे," शिक्केसाहेब म्हणाले. "नाहीतर लोक आज नोंद करतील आणि उद्या विकतील. मीही असाच केला असता." त्यांनी शिक्का बघितला. शाई सगळीकडे सारखी लागली होती. हिशेब केला तर पाच वर्षांनी ते एकोणऐंशीचे होणार होते. हिशेब त्यांनी मोठ्यानं केला नाही.

गाडीशी परत आल्यावर बाळनं खिशातून कागद काढला. घडी उघडली. खाली सही होती, तारीख चार दिवसांपूर्वीची.

"सही घरीच केली होती, भाऊजी. तुम्ही काहीही म्हटलं असतंत तरी द्यायचाच होता."

"मग जाताना टॅक्सी लागणार नाही म्हणालास ते?"

"तुम्ही मला घरी सोडलं नसतंत का?"

शिक्केसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बायको मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होती. "दोघंही गाढव," ती म्हणाली, आणि नाक शिंकरलं. "माहेरचंही आणि सासरचंही."

शिक्केसाहेबांनी किल्ली बाळपुढे धरली. "तुम्हीच चालवा," बाळ म्हणाला.

"नको. तुझी आहे. हात बसू दे."

गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. अडतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. शिक्केसाहेबांना ते जरा लागलं. वाटेत ते फक्त सांगत राहिले. तिसऱ्याला दामटायचं नाही, थोडं थांबायचं, मग ती आपणहून जाते. उतारावर इंजिन बंद करायचं नाही. पाणी पाहायचं ते सकाळी, गार असताना. आणि दुपारी पुढच्या काचेवर कापड टाकायचं. "टाकेन," बाळ म्हणत होता. "टाकेन, भाऊजी." मधेच त्यानं विचारलं, "रविवारी येत जाल ना?" "बघू," शिक्केसाहेब म्हणाले. "बसची वेळ बघावी लागेल."

बाळच्या इमारतीखाली त्याची जागा होती, एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला जिना आणि समोर भिंत. आजवर तिथं सायकल उभी राहायची. शिक्केसाहेब आणि बायको उतरले. शिक्केसाहेब भिंतीपाशी जाऊन तोंड गाडीकडे करून उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले.

"येऊ दे."

"लागेल हो भाऊजी!"

"नाही लागत. सरळ ठेव. येऊ दे... येऊ दे... जरा तुझ्या अंगाला. हं. येऊ दे."

उशी इंचाइंचानं आत येत होती. खांबाला टेकणार असं वाटायचं, टेकत नव्हती. बाळच्या कपाळावर घाम होता. बायको जिन्याच्या पायरीवर हातात पर्स घट्ट धरून उभी होती.

"पुरे आता! भिंतीला टेकली!" ती ओरडली.

"अजून वीतभर आहे. मी सांगतो ना. येऊ दे... येऊ दे... बस."

इंजिन थांबलं. बाळ दुसऱ्या बाजूच्या दारानं अंग चोरून बाहेर आला आणि बहिणीजवळ जाऊन उभा राहिला. शिक्केसाहेब वाकले. भिंत आणि बंपर यांच्या मधल्या फटीत त्यांनी हात आडवा घातला. बरोबर चार बोटं बसली.

"चार बोटं," ते म्हणाले. "रोज एवढीच ठेव."

जाळीतून इंजिनाची ऊब येत होती. ती भिंतीवर आपटून पुन्हा त्यांच्या मनगटावर यायची. "चला, बस येईल," बायको म्हणाली. "हो," ते म्हणाले, पण हात काढायला त्यांनी थोडा वेळ लावला.